चढ, चिखल आणि एअरबॅग : एका प्रशिक्षकाचा शनिवार

सकाळी 6.00

रात्रभर पडून पावसाची आता भुरभुर उरली आहे. मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला एका शेतकऱ्याचा पडीक, दगडाळ माळ आम्ही फोर-बाय-फोर चालवायला शिकवण्यासाठी घेतला आहे. ओढ्यापलीकडे वनखात्याची हद्द लागते, तिकडे चाक न्यायचं नाही. अलीकडे भाताची खाचरं आहेत, तिकडे तर पाऊलही जपून. मधल्या पट्ट्यात चढ आहे, निसरडा उतार आहे, गोट्यांनी भरलेलं ओढ्याचं पात्र आहे. आम्हाला एवढं पुरतं.

शनिवारचं पहिलं काम म्हणजे हा माळ पायी फिरणं. पायात गमबूट, हातात काठी. आषाढात गवत आठवड्याभरात गुडघ्याला लागतं आणि त्याच्या पोटात दगड लपतात. रात्रीच्या पाण्याने नवा ओघळ पडलेला असतो. जिथे गाडीचं नाक अचानक खाली जाईल किंवा पोट आपटेल, अशी प्रत्येक जागा मी शोधतो आणि तिथे बांबूला लाल फडकं बांधून रोवतो.

गाडीचा पत्रा वाचवणं हे त्याचं एक कारण झालं. मोठं कारण एअरबॅगचं आहे. बऱ्याच गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत एक इशारा छापलेला असतो : समोरून धडक बसली नाही तरी खोल खड्ड्यात गाडी पडली, उंचावरून जोरात जमिनीवर आदळली किंवा खालून कडेला, दगडाला जबर मार बसला, तर पुढच्या एअरबॅग उघडू शकतात. शहरात चालवणाऱ्याला या ओळीशी कधी काम पडत नाही. माळावर मात्र दिवसभर याच ओळीच्या आसपास वावर असतो.

7.15

आमच्या स्वतःच्या दोन गाड्या तपासायच्या. एक जुनी जिप्सी. 2019 मध्ये ही गाडी बाजारातून गेली. तिला एअरबॅग कधी नव्हतीच. तिच्यात आम्ही नळ्यांचा पिंजरा बसवला आहे, नळ्यांवर जाड फोम गुंडाळला आहे आणि बसणाऱ्याने हेल्मेट घालायचं हा नियम आहे. डोकं आणि लोखंडी नळी यांच्यात काहीच नसेल तर पिंजरा स्वतःच जखम करतो.

दुसरी गाडी नवी. चावी फिरवली की बसलेला माणूस आणि त्याच्यापुढे गोल, असं लाल चिन्ह काही सेकंद पेटतं आणि विझतं. ते विझलं पाहिजे. पेटून राहिलं किंवा मधूनच लुकलुकलं, तर यंत्रणेला स्वतःतच दोष सापडला आहे असा त्याचा अर्थ. मग अपघातात एअरबॅग उघडेल याची खात्री नाही, आणि पट्टा क्षणात आवळून धरणारा प्रीटेन्शनरही कदाचित काम करणार नाही. चिखलात फिरणाऱ्या गाड्यांत हा दिवा लागण्याची ठरलेली ठिकाणं असतात. सीटखालचे पिवळे कनेक्टर ओले होतात, गंजतात, किंवा सीट मागेपुढे करताना तिथे अडकलेला दगड वायर ओढतो. दुसरं ठिकाण स्टिअरिंगच्या आतली गुंडाळलेली पट्टीसारखी केबल. पिवळं दिसलं की हात लावायचा नाही, हे आमच्या पोरांना पहिल्या दिवशी सांगितलं जातं.

8.30

पुण्याहून गाड्या येऊ लागतात. थार सगळ्यात जास्त, एखादी जिम्नी, एखादी गुरखा. फाटकापाशी मी प्रत्येकीत डोकावतो. या अर्ध्या तासात जितकं शिकवून होतं तितकं दिवसभरात होत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पहिली गोष्ट डॅशबोर्ड. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला, शेजारच्या प्रवाशासमोर, बहुतेक गाड्यांत गणपती असतो. त्याच पॅनेलखाली प्रवाशाची एअरबॅग घडी घालून ठेवलेली असते. उघडताना पिशवी ताशी 300 किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने बाहेर येते. दगडी किंवा धातूची मूर्ती मग शेजारी बसलेल्याच्या तोंडावर जाते. मी हात जोडतो आणि सांगतो, "काका, बाप्पाला मधल्या खणात बसवा. तिथूनही तो बघतोच." आजवर कुणी रागावलेलं नाही. मोबाइलचा स्टँड, अत्तराची बाटली, गॉगल यांनाही तोच न्याय.

मग सीटकव्हर. सीटच्या कडेतून उघडणाऱ्या एअरबॅग असलेल्या गाडीला जाड, सगळीकडून शिवलेलं कव्हर घातलं, तर पिशवीची वाटच बंद होते. जिम्नी सहा एअरबॅगची, थार रॉक्सही सहाची. 2020 साली आलेल्या तीन दारांच्या थारमध्ये पुढच्या दोनच. आपल्या गाडीत किती आणि कुठे, हे मालकाला सांगता आलं पाहिजे. मी प्रत्येकाला विचारतो. जागा शोधायच्या तर सीटच्या कडेवर, खांबांवर, छताच्या काठावर कोरलेली अक्षरं बोटाने चाचपायची.

तिसरी गोष्ट बंपरपुढचा लोखंडी दांडा, बुलबार. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना पत्र पाठवून असे दांडे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला धरून नाहीत हे कळवलं, तरी ते दिसतातच. कंपनी गाडी धडकवून पाहते तेव्हा पुढचा पत्रा किती आणि कसा चुरगळतो, त्यावरून एअरबॅगच्या संगणकाला शिकवलेलं असतं की कोणती धडक खरी आणि कोणता नुसता दणका. चॅसीला जाड लोखंड बांधलं की तो हिशोबच बदलतो. धक्का वेगळ्या रीतीने आत पोचतो. पिशवी उशिरा उघडेल, नको तेव्हा उघडेल, सांगता येत नाही. आणि उशिरा उघडलेली एअरबॅग अतिशय वाईट, कारण तोवर माणूस पुढे आलेला असतो.

हा उशीर म्हणजे किती, ते समजावं म्हणून मी आकडे सांगतो. धडक बसल्यापासून साधारण 15 ते 20 मिलिसेकंदांत संगणक निर्णय घेतो आणि पुढच्या 30-एक मिलिसेकंदांत पिशवी वायूने भरते. पूर्वी त्यासाठी सोडियम अझाइड वापरत, हल्ली वेगळी रसायनं असतात. पापणी लवायला याच्या दुप्पट तरी वेळ लागतो. भरलेली पिशवी लगेच मागच्या छिद्रांतून रिकामी होऊ लागते. माणूस तिच्यावर टेकायचा तो याच छोट्या अवधीत.

आज एका गाडीत पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर तीन वर्षांची मुलगी आली आहे. "ताई, आज हिला पुढे नाही बसवायचं, आणि उद्याही नाही." मांडीवरचं मूल म्हणजे एअरबॅग आणि आई यांच्यामधलं मूल. माळावर तर तिला गाडीतच बसवायचं नाही; दुपारपर्यंत ती शेतकऱ्याच्या घरी, कोंबड्यांमागे.

9.30

आता बसायला शिकवायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण मला सगळ्यात जास्त झगडावं लागतं ते इथेच.

छातीच्या मधल्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत निदान 25 सेंटीमीटर अंतर हवं. टेप कुणाकडे नसते, म्हणून मी सांगतो : एक वीत आणि वर दोन-तीन बोटं. पाठ टेकलेली, डोकं सीटच्या उशीजवळ, पट्ट्याचा खालचा भाग पोटावर न येता कमरेच्या हाडांवर, वरचा खांद्याच्या मधोमध. जाड रेनकोट काढून पट्टा लावायचा, नाहीतर तो सैल राहतो.

रस्त्यावर हे जमतं. माळावर पहिला उभा चढ आला की सगळे हे विसरतात. बॉनेट आभाळाकडे जातं, पुढची जमीन दिसेनाशी होते आणि माणूस आपोआप पुढे सरकून स्टिअरिंगवर ओणवा होतो. हनुवटी जवळजवळ चाकावर. उतरणीला उलट प्रकार : पट्टा सैल असेल तर शरीर आपल्याच वजनाने पुढे लोंबतं. दोन्ही वेळी छाती पिशवीच्या झाकणापासून चार बोटांवर आलेली असते. नेमका त्याच क्षणी चढाच्या टोकापलीकडे खड्डा निघाला आणि गाडी नाकावर आपटली, तर जी पिशवी भरून होईपर्यंत लांब असायला हवी होती ती भरतानाच छातीवर येते. तोंडावर कुणी दार आपटावं तसा तो मार. बरगड्या मोडतात, मानेला इजा होते.

मला एअरबॅगची भीती घालायची नसते. पिशवी आपलं काम चोख करते, फक्त तिला तिची जागा मोकळी हवी असते. माळावर शरीर त्या जागेत शिरतं, कारण डोळ्यांना पुढचं बघायचं असतं. म्हणून उपाय डोळ्यांचा करायचा. पुढचं दिसत नाही ना? मग थांब, हँडब्रेक ओढ, उतर, चालत जाऊन बघून ये. नाहीतर समोर उभा असलेला स्पॉटर हाताने दाखवेल तसं चाक फिरव. माझा जोडीदार दिवसभर तेच करतो. तो कधीही गाडीच्या उताराकडच्या बाजूला उभा राहत नाही.

"दादा, मागे टेका," हे वाक्य वॉकीटॉकीवर संध्याकाळपर्यंत इतकं उच्चारलं जातं की शिकणारे जेवताना एकमेकांना तेच म्हणतात.

10.45

ओढ्याचं पात्र. फोर-लो (चारही चाकांना जोर, संथ गती), पहिला गिअर, माणूस चालेल तेवढा वेग. गोट्यांवर पुढचं चाक आदळलं की स्टिअरिंगला झटका बसतो. अंगठे चाकाच्या आत अडकवून धरले तर जुन्या गाडीत ते मोडायचे. पॉवर स्टिअरिंगमुळे धोका कमी झाला, तरी अंगठा बाहेरच ठेवावा. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनवर. वळवताना एक हात दुसऱ्यावरून नेऊन चाकाच्या मध्यावर आडवा आणायचा नाही. ढकलत, ओढत, हात आपापल्या बाजूलाच ठेवून वळवायचं. पिशवी उघडली तेव्हा हात मध्यावर आडवा असेल तर तो थेट चेहऱ्यावर फेकला जातो. मनगट मोडतं ते वेगळंच.

इथे बाकी सगळं ठीक चालतं. वेग कमी असला की माळ दयाळू असतो.

12.15

आडवा उतार. म्हणजे टेकडीच्या अंगावरून गाडी तिरपी करून न्यायची. शिकणाऱ्यांना याचीच सर्वांत जास्त धास्ती, आणि ती रास्त आहे.

छताच्या काठातून पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग ज्या गाड्यांत असते, त्यांतल्या काहींत गाडी उलटते आहे हे ओळखणारा सेन्सर असतो. तो दोन गोष्टी बघतो : गाडी किती कललेली आहे, आणि किती झपाट्याने कलते आहे. हळूहळू तिरपी झालेली गाडी त्याला सहसा खटकत नाही. पण आधीच कललेली असताना उताराकडचं चाक एकाएकी बिळात गेलं, तर संगणकाला ती उलटण्याची सुरुवात वाटू शकते. टोयोटाने काही गाड्यांत यासाठी खास बटण दिलं. एफजे क्रूझर, फोररनर यांच्या डॅशबोर्डवर ते असतं. ते दाबलं की फक्त उलटण्याची जाणीव बंद होते. बाजूने धडक बसली तर पडदा तरीही उघडतो. कारखान्यानेच विचार करून दिलेली सोय असेल तर ती जरूर वापरावी. तशी गाडी इथे क्वचितच येते.

पडदा उघडला तर तो पुढच्या पिशवीसारखा लगेच मऊ पडत नाही. गाडी उलटायला वेळ लागतो, म्हणून काही सेकंद भरलेला राहतो. त्याचं काम डोकं आणि हात आत ठेवणं. आणि इथे माणसाची एक जुनी सवय आडवी येते. गाडी कलली की माणूस खिडकीबाहेर हात काढून जमीन अडवायला बघतो, किंवा वरच्या दांड्याचं हँडल सोडून छताची कड धरतो. दोन टन गाडी हाताने अडत नाही. म्हणून आडव्या उतारावर काचा वर, दोन्ही हात चाकावर. शेजारच्याने हात मांडीवर ठेवायचे. गाडी घसरू लागली तर चाकं उताराकडे वळवायची आणि खाली जाऊ द्यायची. चढाकडे वळवण्याचा मोह होतो. त्या मोहानेच गाड्या उलटतात.

बाहेरून बसवलेला पिंजरा हाही इथला प्रश्न आहे. पडद्याच्या वाटेतच नळी आली तर पडदा उघडायचा कुठे? एक तर कारखान्याची रचना ठेवावी, नाहीतर शर्यतीच्या गाडीसारखं पूर्ण वेगळं जग स्वीकारावं : पिंजरा, अनेक टोकांचा हार्नेस, हेल्मेट, मान धरणारं साधन, आणि एअरबॅग काढून टाकलेली. अर्धं हे आणि अर्धं ते घेतलं की दोन्हींतलं संरक्षण जातं.

1.30

जेवण. शेतकऱ्याच्या घरून पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा. याच वेळी दर आठवड्याला तोच प्रश्न येतो : "सर, ऑफ-रोडिंगपुरता एअरबॅगचा फ्यूज काढून ठेवला तर?"

माझं उत्तर : नाही. पुढची एअरबॅग उघडण्यासाठी साधारणपणे ताशी 13 ते 23 किलोमीटर वेगाने भक्कम भिंतीवर आदळल्याइतका मार लागतो. फोर-लोमध्ये आपण त्याच्या जवळपासही नसतो. एक दगड लागला म्हणून ती उघडत नाही, कारण संगणक नुसता धक्का मोजत नाही, धक्क्यामुळे गाडीचा वेग किती घटला ते बघतो. गोट्याचा दणका मोठा असतो पण क्षणात संपतो, आणि गाडी होती तशी पुढे जात राहते. म्हणजे नको तेव्हा उघडण्याची भीती ज्याला आहे, त्याने वेग आवरावा, उड्या मारू नयेत. भीती तिथेच संपते. फ्यूज काढला तर बहुतेक गाड्यांत पट्टा आवळणारा प्रीटेन्शनरही त्याच्याबरोबर मरतो. आणि शनिवारी काढलेला फ्यूज रविवारी जागेवर जातोच असं नाही. तो डॅशबोर्डच्या खणात राहतो, सोमवारी गाडी द्रुतगती मार्गावर असते.

एक काका दुसरी शंका काढतात : जुनी गाडी घेतोय, एअरबॅग चालेल ना? त्यांना टाकाटाची गोष्ट सांगितली. या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा खाऊन ते बिघडलं, आणि उघडताना धातूचं कवचच फुटून तुकडे माणसांना लागले. जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या, 2017 मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. मुंबई, कोकण, गोवा ही उष्ण आणि दमट हवेचीच ठिकाणं आहेत. तेव्हा सेकंडहँड गाडी घेताना चॅसी नंबर टाकून ती गाडी कंपनीने परत बोलावली होती का आणि दुरुस्ती झाली का, हे आधी बघावं. काकांनी तिथेच नंबर लिहून घेतला.

3.00

अडकलेली गाडी काढायचा सराव. मुद्दाम एक गाडी चिखलात पोटापर्यंत रुतवतो. दोर ताणला की दोराच्या दीडपट अंतरात कुणी उभं राहायचं नाही, दोन्ही गाड्यांत ड्रायव्हरशिवाय कुणी नको. शॅकल (दोर जोडायची कडी) फक्त चॅसीच्या हुकाला. ट्रेलर ओढायच्या गोळ्याला दोर लावायचा नाही, गोळा तुटला तर तोफेच्या गोळ्याइतका जीवघेणा. ओढला जाणारा ड्रायव्हर इथेही पट्टा लावून, डोकं मागे टेकवून. बाहेर निघालेली गाडी झपाट्याने पुढच्या गाडीवर जाते, आणि तेव्हा ब्रेकवरचा पाय आणि मागे टेकलेली पाठ या दोन गोष्टी कामाला येतात.

विंच (दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) बसवणाऱ्यांसाठी इथेच एक सूचना : बंपर कापताना, वेल्डिंग करताना पुढच्या सेन्सरजवळ काम करायचं नाही. बॅटरी काढली तरी संगणकात एअरबॅग उडवण्यापुरती वीज काही काळ साठलेली असते, म्हणून पुस्तिकेत सांगितलेली मिनिटं थांबायचं.

आणि एअरबॅग उघडलीच तर? गाडीभर पांढरी धूळ होते, जळका वास येतो. तो धूर पाहून लोक आग लागली समजतात. काचा खाली करायच्या, उतरायचं, गरम भागांना हात लावायचा नाही. अनेक गाड्यांत पेट्रोलचा पंप आपोआप बंद होतो, म्हणजे ती गाडी आता घरी चालत जाणार नाही. दाट पावसात, फोनला रेंज नसलेल्या ठिकाणी याचा अर्थ काय, हे आधी ठरवून निघायचं. म्हणून एकट्या गाडीने कधी जायचं नाही.

5.00

टायरमध्ये हवा भरायची. सकाळी 18 पीएसआयपर्यंत उतरवलेली हवा पुन्हा रस्त्याच्या आकड्यावर. कॉम्प्रेसर घरघरतो, सगळे दमलेले, चिखलाने माखलेले, खूश.

दिवसातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या वेळेची. माळावर पाच किलोमीटरच्या वेगात सगळे पट्टा लावून होते. आता पौडच्या रस्त्याला साठ-सत्तरच्या वेगाला लागतील, आणि मागच्या सीटवर तिघे पट्टा न लावता झोपतील. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्रींचा अपघात झाला, तेव्हा मागे बसलेल्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, दोघेही गेले. गाडी चांगली होती, एअरबॅगही होत्या. मागचा माणूस मोकळा असला की तो पुढच्या सीटवर फेकला जातो आणि पुढच्याचंही मरण ओढवतो. भारतात ड्रायव्हरची एअरबॅग 1 जुलै 2019 पासून, शेजारच्याचीही 2021 मध्ये सक्तीची झाली. पट्टा मात्र ज्याचा त्यानेच लावायचा. मी फाटकात उभा राहतो आणि मागचे पट्टे खटक् वाजल्याशिवाय फाटक उघडत नाही. कुणी हसतं, कुणी कंटाळतं. चालेल.

6.30

आमच्या गाड्या धुवायच्या. पाण्याचा जोरदार फवारा चाकांच्या कमानीत, पोटाखाली मनसोक्त. केबिनमध्ये मात्र ओलं फडकं, सीटखाली नळी न्यायची नाही. मग वही : कुठला बांबू हलवायचा, कोणता ओघळ बुजवायचा. एका थारचा एअरबॅगचा दिवा दुपारनंतर पेटून राहिला होता. तिच्या मालकाला फोन केला : सोमवारी आधी सर्व्हिस सेंटर, तोपर्यंत शेजारी मूल बसवू नका, आणि बाजारातल्या कुठल्याही मेकॅनिकला दिवा "घालवायला" सांगू नका, दिव्याची वायर तोडली की दिवा जातो, दोष तसाच राहतो. त्यांनी विचारलं, उद्या लोणावळ्याला जायचंय, नेऊ का? मी म्हटलं, घरची दुसरी गाडी न्या.